दातांनी बैल पाडणारा गडी

'द बुल-डॉगर' हा चित्रपट आज कोणालाच सबंध पाहता येत नाही. १९२१च्या सुमारास ओक्लाहोमात चित्रित झालेल्या आणि १९२२मध्ये पडद्यावर आलेल्या या मूकपटाचे काही तुकडे तेवढे उरले आहेत. पोस्टर मात्र सुस्थितीत आहे. त्यावर बिल पिकेट हे नाव ठळक झळकते. मेक्सिकोच्या बैलझुंजीच्या रिंगणात नाव काढलेला हा कृष्णवर्णीय वीर जिवावर उदार होऊन पराक्रम करून दाखवणार आहे, असे पोस्टर सांगते. थराराची हमी देते, वर हसायलाही मिळेल म्हणून आमिष दाखवते. जाहिरातच ती, तिखटमीठ असायचेच. पण या जाहिरातीतला मुख्य दावा खरा होता. पोस्टरवरचा माणूस नट नव्हता. पडद्यावर तो जे करत होता, ते त्याने त्याआधी दीड-दोन दशके हजारो लोकांपुढे केले होते, आणि त्या रीतीने ते लोकांपुढे आणणारा तोच पहिला.

हाती न लागणाऱ्या चित्रपटावर पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मूक वेस्टर्नपटांनी अमेरिकेच्या पश्चिमेतल्या गुराख्यांचे आणि घोडेस्वारांचे कसब उचलले, त्यावर गोष्टी रचल्या, आणि गोष्टी लोकांच्या मनात इतक्या घट्ट बसल्या की कसब मुळात कोणाचे, हे विचारायचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. 'द बुल-डॉगर'मध्ये हा हिशेब उलटा आहे. गोष्ट चिमूटभर, कसब भरपूर, आणि ते ज्याचे त्याच्याच नावाने. हा एक चित्रपट समजून घेतला की टॉम मिक्स किंवा हूट गिब्सन यांच्या गाजलेल्या चित्रपटांकडे पाहण्याची नजर बदलते. निदान माझी बदलली.

पिकेट करायचा काय, ते आधी नीट सांगितले पाहिजे. नाहीतर पुढचे सगळे हवेत राहील. फाटक उघडते आणि गोऱ्हा, म्हणजे खच्ची केलेला तरणा बैल, सुसाट सुटतो. घोडेस्वार डाव्या अंगाने त्याला गाठतो. उजव्या अंगाने दुसरा एक स्वार गोऱ्ह्याला भरकटू न देता सरळ रेषेत ठेवतो. त्याला हेझर म्हणतात. घोडा शिंगांच्या बरोबरीला आला की पहिला स्वार रिकिबीतून पाय सोडवून उजवीकडे झेपावतो, दोन्ही शिंगे धरतो, टाचा जमिनीत रोवतो आणि मान पिरगाळतो. इथवरचे आजचे रोडिओपटूही, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांत उतरणारे गडीही, करतात. 'स्टिअर रेसलिंग' या नावाने हा मान्यताप्राप्त प्रकार आहे आणि मुरलेला गडी चार-पाच सेकंदांत गोऱ्हा आडवा करतो. पिकेटचा खेळ यापुढे सुरू व्हायचा. मान पिरगाळून तोंड वर आले की तो वाकून गोऱ्ह्याचा वरचा ओठ दातांत धरायचा, मग शिंगांवरचे हात सोडून द्यायचा आणि स्वतःला मागे झोकून द्यायचा. एवढे मोठे जनावर त्या ओढीसरशी कलंडायचे. आपल्याकडे बैलाला वेसण का घालतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातले मर्म लगेच कळेल. नाक आणि वरचा ओठ हे त्या धिप्पाड देहातले सर्वांत हळवे ठिकाण. तिथे कळ गेली की मानेतला जोर ओसरतो.

ही युक्ती त्याने कुत्र्यांकडून उचलली. टेक्ससच्या काटेरी झाडोऱ्यात गुरे घुसली की दोरीचा फास टाकायला मोकळी जागा मिळत नसे. मग बुलडॉग जातीचे कुत्रे सोडत. ते गुराच्या ओठाला डसून त्याला जागीच खिळवून ठेवत. पिकेटने हे पोरवयात पाहिले आणि वासरांवर करून पाहिले. पुढे एका कंपनीचे गुराखी वासरांना डाग देत असताना या दहा-अकरा वर्षांच्या पोराने आपण दातांनी वासरू धरून ठेवतो अशी बढाई मारली, ते हसले, आणि त्याने ते करून दाखवले, अशी कथा सांगतात. कथेला थोडेफार रंग चढले असतील. चित्रपटाचे नाव मात्र या कुत्र्यांवरूनच आले, याबद्दल वाद नाही.

आजच्या वाचकाला हे वाचताना कसेसे होईल. व्हावेही. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची २०१४ची बंदी आणि २०२३च्या घटनापीठाच्या निकालाने मिळालेली मुभा, या दोन टोकांमध्ये महाराष्ट्राने जी वादावादी ऐकली, तीच थोड्याफार फरकाने अमेरिकेत रोडिओवरून चालू असते. मी त्या वादात इथे शिरत नाही. पिकेटच्या कसबाचे कौतुक करताना गोऱ्ह्याचा ओठ विसरायचा नाही, एवढे पथ्य लिहिताना पाळले आहे.

पिकेटचा जन्म ५ डिसेंबर १८७०चा, टेक्ससमधल्या टेलर गावाच्या परिसरात, जेंक्स ब्रँच नावाच्या वस्तीत. तेरा भावंडांतला तो दुसरा. वडील गुलामगिरीतून सुटलेले. घराण्यात आफ्रिकी रक्ताबरोबर चेरोकी रक्तही होते. पाचवीपर्यंत शाळा झाली आणि पोरगा गुरांमागे लागला. टेक्ससमधल्या गुलामांना मुक्तीचा हुकूम ऐकवला गेला तो १९ जून १८६५ रोजी, म्हणजे त्याच्या जन्माआधी जेमतेम साडेपाच वर्षे. आणि तो अडीच-तीन वर्षांचा असताना, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले होते. त्या मुक्तीनंतर एखाद्या माणसाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले, याचे एक उत्तर पिकेटच्या आयुष्यात सापडते. ते सरळ नाही. त्याला काम मिळाले, नाव मिळाले, राजधान्यांतून टाळ्या मिळाल्या. आणि अनेक ठिकाणी स्पर्धेत उतरण्यासाठी आपण कृष्णवर्णीय आहोत हे लपवावे लागले. काही जाहिरातींत त्याला इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूलनिवासी, म्हणून खपवले गेले.

काळा काउबॉय हा अपवाद होता, असे चित्रपट पाहून वाटते. तसे नव्हते. यादवी युद्धाच्या काळात टेक्ससचे गोरे पुरुष लढाईवर गेले तेव्हा त्यांची गुरे सांभाळली ती गुलामांनी. युद्ध संपल्यावर गुरे वाढलेली, माणसे मुक्त झालेली आणि हे काम त्यांना येत होते. गुरांचे तांडे उत्तरेच्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेणाऱ्या काउबॉयांत चारातला एक कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मेक्सिकन आणि इंडियन धरले तर पडद्यावरचे चित्र आणखीच खोटे ठरते.

हे चित्र खोटे कसे झाले, त्याची जागा दाखवता येते. पोन्का सिटीजवळ मिलर कुटुंबाचे '१०१ रँच' होते. लाखभर एकरांवर पसरलेले, इंडियनांकडून खंडाने घेतलेल्या जमिनीवर उभे राहिलेले. जोसेफ, झॅक आणि जॉर्ज या मिलर बंधूंनी गुरांच्या धंद्याला जोड म्हणून घोडेस्वारीचे, नेमबाजीचे, फासफेकीचे जंगी खेळ सुरू केले. पिकेट १९०४मध्ये वायोमिंगच्या शायेनमधल्या मोठ्या मेळ्यात गाजला आणि १९०५पासून मिलर बंधूंकडे आला. 'सावळा सैतान' अशा अर्थाच्या बिरुदाने त्याची जाहिरात होई. याच खेळांतून टॉम मिक्स पुढे आला, हूट गिब्सनही काही काळ याच कंपनीत होता. मिक्स आणि फासफेकीत तरबेज विल रॉजर्स यांनी सुरुवातीच्या काळात पिकेटसाठी हेझरचे काम केले, असेही सांगितले जाते.

आणि मग १९११चा हिवाळा. १०१ रँचचे पथक कॅलिफोर्नियात व्हेनिस इथे थंडी काढत होते. न्यूयॉर्क मोशन पिक्चर कंपनीचा दिग्दर्शक थॉमस इन्स याने ते पथक भाड्याने घेतले: स्वार, इंडियन, घोडे, गुरे, गाड्या, सगळे. त्या बळावर सांता मोनिकाजवळच्या डोंगरांत जो स्टुडिओ उभा राहिला त्याला पुढे 'इन्सव्हिल' म्हणू लागले, आणि तिथून निघणाऱ्या चित्रपटांची छापच 'बायसन १०१' अशी होती. वेस्टर्न हा चित्रप्रकार भव्य झाला तो इथे. खेळातली माणसे पडद्यावर गेली, पण ती गाळणीतून गेली. गोरे स्वार नायक झाले. टॉम मिक्स विसाच्या दशकात आठवड्याला हजारो डॉलर मिळवू लागला. इंडियनांच्या वाट्याला बहुधा घोड्यावरून गोळी खाऊन पडणे आले. काळ्या स्वाराला तेही आले नाही.

ही गाळणी रिंगणातही होती. त्याचा एक प्रसंग ऑरेगनमधल्या पेंडल्टनचा आहे. तिथल्या १९११च्या 'राउंड-अप' या रोडिओत उंडग्या घोड्यावरच्या स्वारीच्या अंतिम फेरीत तिघे होते: गोरा जॉन स्पेन, नेझ पर्स जमातीचा जॅक्सन सनडाउन आणि कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लेचर. परीक्षकांनी स्पेनला पहिला ठरवले. प्रेक्षकांना ते पटले नाही, फ्लेचरच जिंकला होता असे बहुतेकांचे मत. तेव्हा तिथला शेरीफ टिल टेलर याने फ्लेचरची हॅट घेतली, तिचे तुकडे केले आणि ते प्रेक्षकांत विकून पैसे फ्लेचरला दिले. हूट गिब्सन पुढल्याच वर्षी याच पेंडल्टनला सर्वोत्तम काउबॉयचा किताब घेऊन गेला, आणि १९२५मध्ये त्याने 'लेट अर बक' हा रोडिओवरचा चित्रपट केला तोही या मेळ्याच्या पार्श्वभूमीवर. गिब्सन उत्तम स्वार होता, त्याचे श्रेय मी काढून घेत नाही. पण ज्या मातीवर त्याचा चित्रपट उभा आहे तिथे फ्लेचरच्या हॅटच्या चिंध्या झाल्या होत्या, हे माहीत असले की चित्रपट वेगळा दिसतो.

पोस्टरवरच्या 'मेक्सिकोच्या वीरा'ची हकीकत आता सांगितली पाहिजे. डिसेंबर १९०८मध्ये मिलर बंधूंचे पथक मेक्सिको सिटीत होते. तिकीटविक्री थंड, आणि शहराला वेड बैलझुंजीचे. जोसेफ मिलरने पैज लावली: माझा माणूस तुमच्या झुंजीच्या बैलाला नुसत्या हातांनी पाच मिनिटे धरून दाखवील. एल तोरेओ हे मैदान खच्चून भरले. रोडिओतला गोऱ्हा वेगळा आणि माणूस मारण्यासाठीच जोपासलेला झुंजीचा बैल वेगळा. शिवाय खांद्यात भाले खुपसून त्याची ताकद आधी कमी करायची, हा झुंजीचा रिवाज इथे नव्हता. पिकेटचा लाडका घोडा स्प्रॅडली बैलाच्या शिंगाने फाटला. घोड्याला वाचवायला पिकेट बैलाच्या डोक्यावर झेपावला, शिंगांमध्ये अडकून राहिला आणि पाच नव्हे, साडेसात मिनिटे लटकला. बैल त्याला भिंतीवर आपटत होता. प्रेक्षकांना हा आपल्या कलेचा अपमान वाटला, त्यांनी बाटल्या आणि हाताला लागेल ते फेकायला सुरुवात केली. पिकेटच्या बरगड्या मोडल्या. बैल काही पडला नाही, पण पैज मिलरने जिंकली. घोडाही वाचला, त्याच्या जखमेत कोणा म्हाताऱ्याने पिकलेली केळी कोंबली आणि तो बरा झाला, असे आख्यान आहे. मिलरच्या माणसांना कथा फुगवायची खोड होती हे लक्षात ठेवून ते वाचावे.

या प्रसंगातली एक गोष्ट मला टोचते. पैज मिलरची, गल्ला मिलरचा, बरगड्या पिकेटच्या.

१९१४ साली हे पथक लंडनला गेले, तिथे महायुद्धाला तोंड लागले आणि ब्रिटिश सरकारने लष्करासाठी त्यांचे घोडे ताब्यात घेतले. त्यानंतरची काही वर्षे पिकेट खेळापेक्षा रँचवरच्या रोजच्या कामात जास्त रमला. पन्नाशीला टेकलेल्या या माणसाकडे मग एक गोरा सिनेमावाला आला.

रिचर्ड नॉर्मन हा फ्लोरिडाचा, १८९१चा जन्म. त्याचा पहिला धंदाही मोठा मजेदार. कॅमेरा घेऊन गावोगाव जायचे, गावातल्याच लोकांना पात्रे करून एक ठरीव कथा चित्रित करायची आणि त्याच गावाला तिकीट लावून दाखवायची. स्वतःला आणि शेजाऱ्याला पडद्यावर पाहायला गाव लोटे. लोक पडद्यावर स्वतःसारखी माणसे पाहायला पैसे मोजतात, हे त्याला तिथे कळले असावे. १९१९-२०च्या सुमारास तो कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, कृष्णवर्णीय नटांना घेऊन चित्रपट काढू लागला. अशा चित्रपटांना 'रेस फिल्म' म्हणत. लिंकन मोशन पिक्चर कंपनीने १९१६पासून आणि ऑस्कर मिशो याने १९१९पासून ही वाट पाडली होती. ते स्वतः कृष्णवर्णीय होते; मिशोने साउथ डकोटात स्वतः जमीन कसली होती आणि त्या अनुभवावर 'द होमस्टेडर' काढला. नॉर्मन बाहेरचा. त्याने जॅक्सनव्हिलच्या अर्लिंग्टन भागात स्टुडिओ घेतला. कोणे एके काळी हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या कंपन्या चित्रीकरणाला जॅक्सनव्हिलला येत. हॉलिवूडने ते वैभव ओढून नेल्यावर मागे ज्या इमारती राहिल्या त्यांतलीच ही.

नॉर्मनला समाजसुधारक ठरवायची घाई करू नये. इंडियाना विद्यापीठात जपलेली त्याची कागदपत्रे एका काटकसरी धंदेवाल्याची आहेत. कुठल्या गावात कृष्णवर्णीयांसाठी थिएटर आहे, कुठल्या गोऱ्या थिएटरचा मालक मध्यरात्रीचा खास खेळ लावील, भाडे किती, टक्का किती, याच विवंचना. पण त्याला एक गोष्ट उमगली होती. विनोदी नोकर आणि घाबरट भाबडा म्हणून स्वतःला पाहून विटलेला एक मोठा प्रेक्षकवर्ग होता, आणि त्याला घोड्यावर ताठ बसलेला आपला माणूस पाहायचा होता. पुढे १९२६मध्ये त्याने 'द फ्लाइंग एस' काढला, त्यात नायक कृष्णवर्णीय वैमानिक होता. अमेरिकी लष्कराने अशा वैमानिकाला तोवर दारातही उभे केले नव्हते. तो चित्रपट सुदैवाने सबंध उरला आणि २०२१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. नॉर्मन काय ताकदीचा होता हे पाहायचे असेल तर तो पाहावा.

'द बुल-डॉगर'साठी नॉर्मन बोली या गावी गेला. १९०३मध्ये वसलेले ओक्लाहोमातले हे गाव निव्वळ कृष्णवर्णीयांचे. महापौर, बँकवाले, दुकानदार, शिक्षक, शेरीफचे हस्तक, सगळे त्यांच्यातलेच. कृष्णवर्णीयांचा नेता बुकर टी. वॉशिंग्टन १९०५मध्ये इथे येऊन गेला आणि त्याने तोंडभरून कौतुक केले. गावाचा स्वतःचा रोडिओ होता. काळा काउबॉय इथे नवलाची गोष्ट नव्हती, नॉर्मनला रस्त्यावरच स्वार मिळाले. त्याच मुक्कामाच्या आगेमागे त्याने 'द क्रिमसन स्कल' हा दुसरा चित्रपटही केला. त्यात मुखवटा घातलेले दरोडेखोर वगैरे मसाला जास्त आहे, आणि पिकेट त्यातही आहे.

साल विसरू नये. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत, बोलीपासून शंभरेक किलोमीटरवरच्या टल्सा शहरात, गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची सुखवस्तू पेठ जाळून टाकली. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असावा असे अनेक अभ्यासक मानतात. जळालेल्या इमारतींत ड्रीमलँड हे थिएटरही होते, म्हणजे नॉर्मनसारख्यांच्या चित्रपटांचा प्रेक्षक जिथे बसायचा ती जागा. त्याच राज्यात, त्याच वर्षाच्या आसपास, एक पन्नाशीचा कृष्णवर्णीय माणूस कॅमेऱ्यापुढे गोऱ्ह्यावर झेपावत होता. चित्रपटात टल्साबद्दल काही असणे शक्यच नव्हते. थरार आणि हसू विकायचे होते. तरी बोलीच्या रस्त्यांवर उजळ माथ्याने फिरणारे हे स्वार पाहताना टल्साच्या प्रेक्षकाला काय वाटले असेल, याचा विचार मनातून जात नाही.

पिकेटच्या जोडीला या चित्रपटात अनिता बुश होती. हार्लेममध्ये १९१५ साली स्वतःच्या नावाची नाटकमंडळी काढणारी ही बाई. तिच्या मंडळीतूनच पुढे लाफायेट प्लेयर्स ही नामांकित कंपनी झाली. शहरी रंगभूमीवरची ही नटी ओक्लाहोमाच्या धुळीत आली, याचे श्रेय नॉर्मनच्या चिकाटीला द्यावे लागेल. स्टीव्ह रेनॉल्ड्स हा एका पायाचा विनोदी नट दोन्ही चित्रपटांत आहे. पोस्टरवरचे हसू त्याच्या भरवशावर. बाकी कथानक बेतास बात. पिकेटला अभिनय येत होता असा दावा कोणी करत नाही आणि त्याची गरजही नव्हती.

याच सुमारास, १९२२मध्येच, विल रॉजर्सने 'द रोपिन फूल' काढला. त्यातही गोष्ट नावापुरती. रॉजर्सला आपली फासफेक चित्रित करून ठेवायची होती. दोरी नीट दिसावी म्हणून ती पांढरी केली, काही फेकी संथ गतीत टिपल्या, आणि आज तो चित्रपट कोणीही पाहून फासाचा एकेक वळसा समजून घेऊ शकतो. रॉजर्स स्वतः चेरोकी वंशाचा, पिकेटचा जुना सोबती. दोघांनी एकाच काळात एकच गोष्ट केली: अंगातले कसब फिल्मवर उतरवले. एकाची फिल्म जपली गेली. दुसऱ्याच्या मोजक्या प्रती फाटेपर्यंत चालवल्या गेल्या, कारण नवी प्रत काढायला पैसा नव्हता, आणि जुनी जपावी असे कोणत्याही मोठ्या संस्थेला तेव्हा वाटले नाही. नायट्रेटची फिल्म अशीही कुजते आणि भडकते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे १९१२ ते १९२९ या काळातल्या अमेरिकी मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात उरले आहेत अवघे १४ टक्के. आपल्याला या दुःखाची सवय आहे. बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' १९२०ची. कोल्हापुरात स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने काढलेली, गाजलेली, आणि आज नसलेली.

पिकेटचा शेवट रँचवरच झाला. १०१ रँच मंदीत बुडाले होते, मालमत्ता विकली जात होती. मार्च १९३२मध्ये घोडे वेगळे करण्याचे रोजचे काम करताना एका घोड्याची लाथ त्याच्या डोक्याला बसली. २ एप्रिलला तो गेला. विल रॉजर्सने रेडिओवरून त्याच्या अंत्यविधीची बातमी सांगितली. आयुष्यभर शिंगांशी खेळलेला माणूस साध्या कामात गेला. मिलरच्या कथाकारांनीही याला काही रंग दिला नाही.

पुढची चाळीस वर्षे फारसे कोणाला त्याची आठवण नव्हती. १९७१मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या राष्ट्रीय काउबॉय सन्मानदालनाने त्याची निवड केली; रोडिओच्या त्या मानकऱ्यांत तो पहिला कृष्णवर्णीय. १९७७मध्ये बेली हेन्सने लिहिलेले चरित्र आले. १९८४पासून त्याच्या नावाने कृष्णवर्णीय रोडिओपटूंचा फिरता मेळा भरतो. आणि १९९४मध्ये अमेरिकी टपाल खात्याने पश्चिमेच्या दंतकथांवर वीस तिकिटांचा जो संच काढला, त्यात पिकेटही होता. म्हणजे, असायला हवा होता. तिकिटावर छापलेला चेहरा त्याच्या भावाचा, बेनचा निघाला. जुन्या संग्रहात तो फोटो बिलच्या नावाने पडून होता, कोणी पडताळला नाही. घरच्यांनी चूक दाखवली, संच मागे घेऊन पुन्हा छापले आणि चुकीचे दीड लाख संच सोडत काढून तिकीटसंग्राहकांना विकले. ज्याच्या नावाचे छापील पोस्टर सत्तर वर्षे आधीच निघाले होते, त्याचा चेहरा कोणता हे सरकारला ठाऊक नव्हते.

या पुस्तकाची मांडणी या सगळ्यामुळे थोडी आडवळणाची झाली आहे. चित्रपटाचे वर्णन असलेले प्रकरण शेवटी आहे आणि ते सर्वांत छोटे आहे. आधी टेक्ससची गुरे, मग मिलर बंधूंचा धंदा, मग नॉर्मनचा पत्रव्यवहार. उरलेल्या तुकड्यांवरून सबंध चित्रपट कल्पनेने उभा करण्याचा मोह टाळला आहे. जिथे पुरावा नाही तिथे परिच्छेद संपवला आहे. पिकेटच्या आख्यायिका दिल्या आहेत, पण आख्यायिका म्हणून.

जॅक्सनव्हिलच्या अर्लिंग्टनमध्ये नॉर्मनच्या स्टुडिओच्या इमारती आजही उभ्या आहेत. २०१६पासून त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. बोलीचा रोडिओ मेच्या अखेरीस भरतो. डॅलस, ह्यूस्टन किंवा टल्साकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी एकदा त्या गावाला गाडी वळवावी. आणि इकडच्या वाचकांना एक विनंती. माळ्यावर, बंद पडलेल्या थिएटरच्या अडगळीत, आजोबांच्या ट्रंकेत फिल्मचा गंजलेला डबा सापडला तर तो भंगारात देऊ नका आणि कुतूहलापोटी घरात उघडूही नका. नायट्रेट पेट घेते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवा.